युवराजांची शिवण

आधीच सांगून टाकतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा लवकर सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे द्यायचं ते अजून नीट उमगत नाही, आणि भारी शब्दही मला येत नाहीत. चुकलं असेल तिथे वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. बोलण्यात तर मी त्याहून कच्चा. चार माणसांसमोर जीभ टाळ्याला चिकटते, म्हणून ताई मला लहानपणापासून घुम्या म्हणते. ही गोष्ट मला कोणाला तोंडाने सांगता येणार नाही, आणि सांगितल्यावाचून राहवतही नाही, म्हणून लिहितो आहे.

मी लहान मुलांचं फर्निचर बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. कठड्याच्या कॉट, कपडे बदलायची टेबलं, खणांची कपाटं असलं सगळं आमच्याकडे होतं. कारखान्याच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे, तिला आम्ही पडझडीची खोली म्हणतो, आणि नवीन घडवलेली कोणतीही वस्तू त्या खोलीत युवराजांच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. युवराज म्हणजे जाड पांढऱ्या कापडाचं, आत बारीक वाळू भरलेलं बाळ. रांगायला लागलेल्या मुलाचं जेवढं वजन असतं तेवढं त्यांचं वजन, तेवढीच उंची, आणि मानही तशीच, हात लावला नाही तर मागे कलंडणारी. तोंडावर मात्र काही नाही, नुसतं कापड. गाद्यांच्या खोळी शिवणाऱ्या मावशींनी ते शिवलं होतं आणि उसवलं की त्याच दुरुस्त करत.

कामाची पद्धत अशी. वस्तूच्या सगळ्या कडांना, कोपऱ्यांना, खणांच्या काठांना निळा खडू घासायचा. मग युवराजांना तिच्यावर सोडायचं, कठड्याच्या दांड्यांमधून त्यांचं डोकं अडकतं का बघायचं, उघड्या खणाला त्यांना टांगून कपाट पुढे झुकतं का बघायचं. मग त्यांना खिडकीच्या उजेडात आणून अंगावर निळं कुठे लागलंय ते शोधायचं. जिथे निळं लागलं तिथे उद्या कोणाचं तरी मूल रडणार, असं आमचे मिस्त्री म्हणतात. तो कोपरा मग रंध्याने मारायचा, पॉलिश पेपरने गोल करायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. हे काम माझ्याकडे आलं कारण युवराजांना उचलताना मी नकळत त्यांच्या मानेखाली हात घालतो. मिस्त्रींनी ते पाहिलं आणि तेव्हापासून मी आयाबाई झालो.

"काय आयाबाई, युवराजांची झोप झाली का?" सकाळी कुलूप उघडताना ते रोज विचारत, आणि मी रोज खाली बघून हसत असे. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नसायचं. संध्याकाळी त्या खोलीची किल्ली ते स्वतःच्या खिशात घालून घरी जायचे.

मी ताईकडे राहतो. भावोजी लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवतात, महिन्यातले बरेच दिवस बाहेर असतात, आणि ताईला तान्ह्या मुलीसोबत एकटीला ठेवायला त्यांचं मन धजेना, म्हणून त्यांनीच मला बोलावून घेतलं. मुलीला आम्ही मुंगी म्हणतो. रांगायला लागल्या दिवसापासून ती एका जागी सापडत नाही. आत्ता दाराशी, तर आत्ता पलंगाखाली, आणि जिथे जाईल तिथे काहीतरी तोंडात. तिची कॉट मी कारखान्यात स्वतःच्या हाताने केली. दांड्यांमधलं अंतर, गादीची उंची, सगळं बिनचूक. आत उशी नाही, खेळणं नाही, काही नाही. कॉटमध्ये मुलाशिवाय दुसरं काही ठेवायचं नसतं, हे मी ताईच्या इतकं मागे लागून सांगितलं की ती म्हणाली, "बरं बाबा, मी हिच्यासाठी गाणं म्हटलं तर चालेल ना? की तेही बाहेर ठेवू?"

माझा जीव अडकला होता तो कॉटमध्ये नाही, समोरच्या कपाटात. ते खणांचं कपाट भावोजींनी लग्नाआधी कुठूनतरी आणलेलं, उंच आणि अंगाने अरुंद, मी त्याला हिरवा रंग दिला होता. असलं कपाट भिंतीला पट्ट्याने बांधल्याशिवाय मूल असलेल्या घरात ठेवू नये. मूल खालचा खण ओढतं, त्यावर पाय देतं, वरचा ओढतं, आणि मग अख्खं कपाट त्याच्यावर येतं. पट्टा, अँगल, स्क्रू सगळं मी मुंगी रांगायला लागायच्या आधीच आणून ठेवलं होतं. पण खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंची भिंतीला भोक पाडायला सक्त मनाई. "भिंतीत खिळा ठोकायचा असेल तर आधी माझ्या डोक्यात ठोका," असं त्या ताईला घर देतानाच म्हणाल्या होत्या. ताईने दोनदा विचारून पाहिलं, भावोजींनी फोनवरून विचारलं, उत्तर तेच. मग मी कपाटाच्या पुढच्या पायांखाली लाकडी पाचर सरकवली, जड कपडे खालच्या खणांत भरले, वरचे रिकामे केले. दुसरी जागाही नव्हती, खोलीच तेवढी.

एका सकाळी मी युवराजांना फळीवरून खाली घेतलं तर त्यांच्या कपाळावर हिरवी रेघ होती.

आमच्याकडे खडू निळा असतो. त्या दिवसांत कारखान्यात हिरवा रंग कुठल्याच वस्तूला लागत नव्हता. मिस्त्री म्हणाले, "तुझ्याच हाताला लागलेला असणार." मी हात पाहिले, ते स्वच्छ होते. रेघ बोटाएवढी, एका बाजूला गडद आणि दुसरीकडे पुसट, अगदी कोपरा आपटल्यावर लागते तशी. मी ती ओल्या फडक्याने पुसली आणि कामाला लागलो.

संध्याकाळी घरी आलो तर ताई दारातच उभी. "अरे, सकाळी तू जिना उतरलास आणि ही धाडकन त्या कपाटाच्या कोपऱ्यावर गेली. असा आवाज झाला की माझ्या हातातलं भांडं सुटलं. आणि बघ, काही नाही. खरचटलंसुद्धा नाही. रडलीही नाही रे. नुसती बघत बसली, जसं काही दुसऱ्याच कोणाला लागलंय."

मी मुंगीला मांडीवर घेऊन तिचं कपाळ उजेडात पाहिलं, जसं रोज युवराजांचं बघतो. कपाळ नितळ होतं. कपाटाच्या कोपऱ्यावरचा रंग मात्र बोटाएवढा निघाला होता. मी लगेच तो कोपरा घासून गोल केला.

नंतर काही दिवस काहीच झालं नाही आणि मी ते विसरायला लागलो होतो. मग एकदा दुपारी, कपडे बदलताना, ताईने झबलं घ्यायला पाठ फिरवली आणि मुंगी टेबलावरून खाली फरशीवर पडली. संध्याकाळी मला हे सांगतानाही ताई तिला कडेवरून उतरवत नव्हती. डॉक्टरकडे नेऊन आणलं होतं, डॉक्टरांनी सगळं अंग तपासून सांगितलं होतं की एवढ्या उंचीवरून पडून इतकं धड राहिलेलं मूल त्यांनी पाहिलं नाही, नशीब समजा. मी ऐकत होतो, पण माझ्या डोळ्यांसमोर दुपारची पडझडीची खोली होती. जेवणाच्या सुट्टीनंतर आम्ही आत आलो तेव्हा युवराज फळीवरच होते, पण त्यांची पाठीची शिवण मानेपासून कमरेपर्यंत उसवली होती.

मावशींनी त्यांना पालथं मांडीवर घेऊन शिवलं. शिवता शिवता त्या म्हणाल्या, "ही दोऱ्याने उसवलेली नाही रे. आपटून फुटलीय."

"पण पडले नाहीत ते. फळीवरच होते."

"तेच म्हणते मी." त्यांनी दोरा दाताने तोडला. "आणि वाळू कमी झालीय. तू सांडलेली झाडलीस का?"

मी झाडली नव्हती. फळीवर, फरशीवर कुठेच वाळू नव्हती. वजनकाट्यावर ठेवलं तेव्हा युवराज खरंच कमी भरले, आणि मिस्त्रींनी पोत्यातली वाळू घालून ते सारखे केले. "झोपेत चालतोस का रे तू?" त्यांनी हळू आवाजात विचारलं, या वेळी चेष्टा न करता. "माझ्या भावाला सवय होती. काही लाजायचं कारण नाही."

मी नाही म्हणून मान हलवली. पण घरी जाताना वाटभर तोच विचार करत होतो. किल्ली त्यांच्या खिशात, मी माझ्या अंथरुणात, आणि दुपारच्या सुट्टीत तर मी सगळ्यांसोबत डबा खात होतो. तरीही स्वतःवरचा भरवसा एकदा हलला की माणूस आपल्याच हातांकडे परक्यासारखं बघायला लागतो. घरी पोचलो तर ताई कॉटमधली चादर खिडकीबाहेर झटकत होती.

"घुम्या, कारखान्यातून निघताना कपडे झटकत जा बाबा. रोज हिच्या कॉटमध्ये वाळू असते. बारीक, पिठासारखी."

मी कपडे झटकूनच निघतो. पण वाळूचं काय, ती कुठेही चिकटून येते. मी "बरं" म्हटलं.

त्यानंतर मी कामात दोन गोष्टी करायला लागलो. एक, चाचणी संपली की युवराजांना फळीवर टाकायच्या ऐवजी कापसाच्या गाठोड्यावर निजवायचं. आणि दुसरी, घरी येऊन प्रत्येक वस्तूला निळा खडू घासायचा, मुंगीच्या उंचीवर बसून तिच्या वाटेने खोलीभर रांगायचं, आणि माझ्या बाहीला, गुडघ्याला जिथे निळं लागेल ती कड घासून टाकायची. ताई हसून म्हणायची, "हिच्याआधी तूच चालायला शिकशील." टेबलाला मी चारी बाजूंनी कठडा केला. पलंगाच्या कोपऱ्यांना रबर लावलं. मुंगी माझ्या मागे मागे रांगायची. मी हे तिच्यासाठी करत होतो, यात शंका नाही; पण खरं सांगायचं तर प्रत्येक कोपरा घासताना माझ्या डोळ्यांसमोर मावशींच्या मांडीवर पालथं पडलेलं ते कापडी अंगही असायचं.

एवढं करून कपाट तसंच उभं होतं. आणि एका सकाळी मुंगीने ते हलवलं.

ते मी स्वतः पाहिलं. ती खालच्या खणाला धरून उभी राहिली, पहिल्यांदाच, आणि आम्ही दोघं कौतुकाने "अरे वा!" म्हणेपर्यंत तिने एक पाय खणात टाकला. कपाट पुढे आलं. मी धावलो आणि ते दोन्ही हातांनी मागे रेटलं, पण वर ठेवलेला पावडरचा भरलेला डबा घसरून तिच्या डोक्यावर पडला आणि तिथून फरशीवर. डब्याला पोचा आला होता. मुंगी मान वर करून माझ्याकडे बघत होती. मग तिने डोकं वळवलं आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून ओठ काढले, जसं समोरचं दुसरं मूल रडलं की लहान मुलं काढतात.

त्या दिवशी मी कारखान्यात उशिरा पोचलो. युवराजांचं डोकं एका बाजूने आत गेलं होतं आणि कानाजवळून वाळू झरत होती. मी हात लावला तेव्हा तिची धार थांबली. मिस्त्री बाजूला उभे होते आणि त्यांच्या पायाशी एक नवं खोकं होतं.

"बरं झालं, नवं आलंय," ते म्हणाले. "रबराचं आहे. शिवायला नको, भरायला नको. हे आता फाडून वाळू अंगणात टाक."

"नको." माझ्या तोंडून आलं.

"नको म्हणजे?"

मला सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. मी म्हणालो असतो की आज डबा पडला, उद्या कपाट पडेल, आणि ते कोणीतरी अंगावर घेतंय तोवर घेतंय. तो कोणीतरी अंगणात ओतला गेला तर त्या कपाटाखाली फक्त मुंगी उरेल. मी नुसता युवराजांच्या मानेखाली हात घालून उभा राहिलो.

"घरी नेऊ का?" शेवटी मी विचारलं.

मिस्त्री आधी हसले, मग माझ्या तोंडाकडे पाहून हसायचे थांबले. "ने. लग्न होईपर्यंत सराव होईल," एवढंच म्हणाले आणि नव्या खोक्याची दोरी सोडायला लागले. मावशींनी युवराजांचं डोकं शिवून दिलं. टाके घालताना मध्ये एकदा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आता फार नाही टिकायचं हे. कापडात जीव राहिला नाही. शिवण धरणार कशाला?"

संध्याकाळी घराच्या जिन्यापाशी आलो आणि पाय वर जाईनात. मी वळून घरमालकीणबाईंचं दार वाजवलं. आजवर मी त्यांच्याशी एक वाक्यही बोललेलो नव्हतो. त्या चष्मा पुसत दारात आल्या.

"भिंतीला पट्टा लावायचाय," मी म्हणालो. "वर. कपाटाला."

"तुझ्या बहिणीला सांगितलंय मी. भोक पडलं की पोपडे निघतात. मग कोण करणार?"

"मी करीन. भोकांत लांबी भरून घासीन, रंग देईन. अख्खी भिंत देईन."

"सगळे देईन म्हणतात." त्यांची नजर माझ्या काखेकडे गेली. "हे काय?"

"कामाचं आहे."

का कोण जाणे, त्यांनी हात पुढे केले. मी युवराजांना त्यांच्या हातात दिलं. त्यांनीही मानेखाली हात घातला, खांद्याशी धरलं, आणि उगीच जराशा डोलल्या, जसं बायका मूल हातात आलं की डोलतात. मग डोक्यावरच्या ताज्या टाक्यांवरून अंगठा फिरवत त्या म्हणाल्या, "अगंबाई, किती हलकं झालंय हे."

त्यांनी ते त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं.

"सकाळी लाव तुझा पट्टा," त्या म्हणाल्या. "आवाज लवकर आटप म्हणजे झालं." आणि युवराजांना परत देताना जरा वेळ त्यांच्याच्याने सोडवेना.

वर ताईने युवराजांना पाहून कपाळाला हात लावला. "हे ध्यान आता घरात? कुठे ठेवणार?" मी कोपऱ्यातल्या खुर्चीत ठेवलं. मुंगी लगेच तिकडे गेली. हातात येईल ते ओढणारी, तोंडात घालणारी ती पोर, पण युवराजांना तिने ओढलं नाही. खुर्चीला धरून उभी राहिली आणि त्यांच्या पायावर गाल टेकून बराच वेळ तशीच राहिली. ताई म्हणाली, "बाई गं, ओळखीचं असल्यासारखी."

दुसऱ्या दिवशी सकाळी, ताई स्वयंपाकघरात असताना, मी भिंतीला भोकं पाडली, स्क्रू पिळले, कपाट पट्ट्यांनी वरच्या बाजूला दोन्हीकडून भिंतीला बांधलं. मग सवयीने सगळ्या कडांना निळा खडू घासला. पट्टा लावल्यावर खण उघडून युवराजांना टांगायचं आणि कपाट झुकतं का बघायचं, ही आमची पद्धत. मी त्यांना खुर्चीतून उचललं. रात्रीतून आणखी कमी झाले होते, मांडीवर घेतलं तर कापडाच्या घड्या पडत होत्या. त्यांची पाठीची शिवण, डोक्याची शिवण मी पाहिली आणि मला ते जमेना.

"राहू द्या," मी त्यांना म्हणालो. "आता मी बघतो."

माझ्या अंथरुणावर मी त्यांना निजवलं आणि अंगावर चादर घातली. मग गुडघ्यांवर बसून, मुंगीच्या उंचीला येऊन, दोन्ही हातांनी उघडा खण धरला आणि सगळा भार टाकून ओढला. कपाट जागचं हललं नाही. मी पुन्हा ओढलं, कपाळ वरच्या खणावर टेकलं, तरी हललं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली. वळून पाहिलं तर मुंगी मागे बसली होती. माझ्या कपाळावर लागलेल्या निळ्या रेघेवर तिने बोट ठेवलं आणि हसली. त्या सकाळी तिने खुर्चीकडे एकदाही पाहिलं नाही.

कारखान्यात पोचलो. रबराचं बाळ फळीवर बसलं होतं, गुळगुळीत, गुलाबी. मी खडू घ्यायला हात पुढे केला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटात अशी कळ आली की मी खालीच बसलो. जवळ कुठलं यंत्र चालू नव्हतं, दार नव्हतं, खण नव्हता. बोट वर धरून पाहिलं तर नखाखालून काळं पसरत होतं.

फोन वाजला. ताई होती. "अरे, काही नाही झालं हं, घाबरू नकोस. कपाट छान घट्ट बसलंय. पण हिने आत्ता खण ढकलला आणि बोट सापडलं आत. चांगलं दाबलं गेलं. पण बघ ना, हसतेय नुसती."

"बरं झालं," मी म्हणालो. "आज संध्याकाळी खणांना आतून रबर लावतो. बंद होताना सावकाश होतील."

फोन ठेवून मी गादीच्या खोळींच्या खोलीत गेलो, बोटाला बांधायला चिंधी मागावी म्हणून. मावशी खिडकीशी बसल्या होत्या. मी हात पुढे केला. त्यांनी बोट उजेडात धरलं, उलटसुलट करून पाहिलं, मग माझ्या कपाळावरची निळी रेघ पाहिली, आणि काही न विचारता सुईत दोरा ओवायला घेतला.